सहासष्ट फूट तार

मार्गशीर्ष लागला, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की माझ्या वयाच्या बायकांना हुरडा आठवतो, तुरीच्या शेंगा आठवतात, शेकोटी आठवते. मला माझे भासरे आठवतात आणि तळपायाची आग मस्तकात जाते. भासरा म्हणजे थोरला दीर, आमच्या वऱ्हाडातला शब्द. अण्णासाहेब म्हणायचे सगळे त्यांना. वकील होते. जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांचा फोटोसुद्धा आता पिवळा पडलाय. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांचं काही गेलेलं नसतं ते म्हणतात. माझं नाव शांता आहे. आईबापांनी नाव ठेवलं, स्वभाव काही ठेवता आला नाही त्यांना.

परवा गच्चीवर मेथी निवडत बसले होते. ऊन असं कोवळं, की पाठ उठू म्हणेना. शेजारच्या गच्चीवर एक पोरगेला माणूस टीव्हीची तबकडी फिरवत होता आणि खाली बायकोला ओरडून विचारत होता, "आलं का? आता आलं का?" मी इकडून म्हटलं, "अरे बापू, तबकडी काय फिरवतो? आधी मागचा जोड पाह्य." तो हसला. म्हातारीला काय कळतं, असं ते हसू. पण जोड पाहिला त्यानं, आणि चित्र आलं. मेथी राहिली बाजूला, मी पुन्हा पन्नास-साठ वर्षं मागे गेले आणि पुन्हा अण्णासाहेबांवर चिडले. असं दर हिवाळ्यात होतं.

हिवाळा हा रेडिओचा खरा हंगाम. आताच्या लोकांना हे सांगून पटत नाही. उन्हाळ्यात रेडिओ लावणं म्हणजे फोडणीच्या कढईला कान लावणं, नुसती तडतड. पावसाळ्यात तर विजेच्या भीतीनं तारच काढून ठेवायची. पण दिवाळी सरली, कापसाच्या गाड्या रस्त्यानं करकरत जायला लागल्या, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, की आवाज असे स्वच्छ यायचे! दूरदूरची गावं दारात येऊन बसायची. सिलोन यायचं, लाहोर यायचं, कुठली कुठली परकी भाषा यायची आणि मध्येच एखादा माणूस खाकरायचा, ते खाकरणंसुद्धा ऐकू यायचं.

हे वेड मला माझ्या बाबांनी लावलं. अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी आमचं घर. बाबा लढाईत वायरलेसवर होते. लढाई संपली, ते शाळेत सायन्स शिकवायला लागले, पण कान काही परत आले नाहीत. सरकारकडून रीतसर परवाना काढून त्यांनी घरात बोलण्याचं यंत्र मांडलं. हे नुसतं ऐकण्याचं यंत्र नव्हतं. यातून बोलता यायचं. परवानेवाले असे हौशी लोक गावोगाव होते आणि ते आपसात बोलायचे: तुझा आवाज कसा येतो, माझा कसा येतो, तुझी तार किती उंच आहे. बस, एवढंच. तार किती उंच आहे यावर दोन शहाणी माणसं तासभर बोलू शकतात, हे मी या कानांनी ऐकलेलं आहे.

आई माझ्या लहानपणीच गेली. घरात आम्ही दोघं. भातुकलीच्या वयात मी तार ताणायला शिकले. तांब्याची सात पदरांची तार घ्यायची, कारण एकेरी तार वाऱ्यानं वाकते आणि मग तुटते. बाबांना ज्या लहरींवर बोलायचं त्यांच्यासाठी सहासष्ट फूट. ना कमी ना जास्त. "लांब तार कोणीबी टांगते," बाबा म्हणत, "मापात टांगाले अक्कल लागते." दोन टोकांना चिनी मातीचे पांढरे गोळे, म्हणजे तारेतला आवाज बांबूत उतरून वाया जात नाही. ज्या गावाचं ऐकायचं त्या गावाकडे तारेचं टोक करायचं नाही, तारेची कूस करायची. आणि सगळ्यात शेवटी जोड. आडव्या तारेतून घरात येणारी जी उभी तार, तिचा नि आडव्या तारेचा जोड. तारेवर तपकिरी वॉर्निश असतं. ते दिसतं तांब्यासारखंच, पण त्यातून काही वाहत नाही. म्हणून आधी ते खरवडायचं, तांबं लालबुंद दिसेस्तोवर, आणि मग आठ घट्ट वेढे. बाबा माझे वेढे मोजायचे नाहीत. माझ्या जोडावर ते कधी हातच फिरवत नसत. दुसऱ्या कुणी मारलेला जोड मात्र उकलून पाहायचे.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं, अमरावतीच्या अंबापेठेत. घराणं भिक्षुकीचं, अण्णासाहेब वकिलीत गेलेले आणि आमचे हे शाळामास्तर. बाबांनी रुखवतात काय ठेवावं? अनारसे, चिरोटे, लाडवांच्या उतरंडीशेजारी एक छोटा रेडिओ, सहासष्ट फूट तारेचं वेटोळं आणि वाटीत ते दोन पांढरे गोळे. रुखवत पाहायला आलेल्या वऱ्हाडी बायांपैकी एकीनं किंचाळून पदर तोंडाला लावला. "अवो माय! अंडे मांडले रुखवतात!" पाच मिनिटांत मांडवभर झालं. भटजी पाटावरून उठले. बाबांना गोळा हातात घेऊन सगळ्यांसमोर जमिनीवर आपटून दाखवावा लागला. फुटला नाही तेव्हा लोक हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. त्यांनी तो गोळा उचलून, उलटापालटा करून, चष्म्यातून पाहिला आणि म्हणाले, "मुलीला द्यायच्या वस्तू का ह्या?" माझ्या बापाला मांडवात खाली मान घालायला लावली त्यांनी. ही पहिली नोंद.

निघताना बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शांते, परवान्याच्या कागदावर म्या सही केली हाय. ज्याच्यापाशी परवाना नाई, त्याले त्या यंत्रातून निरोप देता येत नाई. तुही खुशालीबी पुसता येत नाई मले. पण दर रविवारी साडेनवाले मी जबलपूरवाल्यासंग बोलतो. तुह्यासाठी नाई बोलणार मी, माय. पण तुले ऐकू येईन."

आता सांगा, कुणाच्या बापानं असं माहेर दिलं असेल?

सासरी पहिलं काम मी तेच केलं. वलगावहून गुणवंता माळी वांगी-मेथी घेऊन दारावर यायचा, त्याला म्हटलं, "दादा, दोन बांबू पाह्यजेत. भरीव. पोकळ आणशील तर परत नेशील." दुसऱ्या खेपेला त्यानं बैलगाडीत वांग्यांच्या टोपल्यांवर दोन बांबू आडवे टाकून आणले. मी पेरं ठोकून पाहिली, आवाज बद्द आला. "बाई, पूजेले पाह्यजे का मांडवाले?" त्यानं विचारलं. "कान लांब कराले," मी म्हटलं. गच्चीवर आमच्या ह्यांनी शिडी धरली, तीही डोळे मिटून, कारण बायको पदर खोचून बांबूवर चढते हे पाहवेना त्यांना. अकोला मावळतीला, म्हणून तार उत्तर-दक्षिण ताणली. टोकाला गिरकी, म्हणजे कप्पी, लावली, दोरी सैल केली की तार खाली यावी अशी. रविवारी साडेनऊला आमच्या खोलीत बसून काटा हळूहळू सरकवला. आधी शीळ, मग खरखर, आणि मग माझे बाबा! जबलपूरवाल्याला सांगत होते की अकोल्यात थंडी चांगली आहे आणि त्यांनी कालपासून लोकरीची टोपी घातली आहे. मी तोंडात पदर कोंबला. बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला, तो ठक् आवाजसुद्धा आला.

दोन हिवाळे असे गेले. रविवार आला की मी माहेरी. ऐकलं की बाबांना कार्ड टाकायचं, कसं ऐकू आलं ते कळवणारं. हौशी लोकांत तशी रीत असते, आकड्यांत कळवायची: शब्द कळण्याला पाचपैकी किती, आवाजाच्या ताकदीला नऊपैकी किती. मी लिहायची, 'पाच, नऊ.' आकाशात ढग असले तर 'चार, सहा.' बाकी काही लिहायची सोयच नव्हती, कारण घरातून बाहेर जाणारं प्रत्येक कार्ड अण्णासाहेबांच्या नजरेखालून जायचं. आता भासऱ्याशी तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्यांनी विचारायचं ते जाऊबाईंना, मी उत्तर द्यायचं तेही जाऊबाईंना, मग तिघंही एकाच खोलीत का असेनात. एका संध्याकाळी कार्ड हातात धरून ते जाऊबाईंना म्हणाले, "विचारा तिला, हे पाच-नऊ, चार-सहा काय आहे? बापाला काय कळवून राहिली ही?"

मी जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. वकील तो! जन्मभर कागदामागचा कागद शोधलेला माणूस. दोन दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरले. मग आमच्या ह्यांना बोलावून म्हणाले, "घरात पाच बायका, तिच्या ताटात नऊ पोळ्या, असं काही आहे का? सासरच्या तक्रारी आकड्यांत कळवते ती." आमचे हे तिथेच हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. "मी विचारतो तिला," म्हणाले. आमच्या ह्यांचा कणा भावापुढे नेहमी रजेवर असायचा.

आठवड्याभरात निकाल लागला. जाहीर कारण वेगळं: अण्णासाहेबांनी बैठकीत नवा मोठा रेडिओ घेतला होता आणि त्यावर दिल्ली नीट लागत नव्हती. तर म्हणे, माझी तार त्यांच्या लहरी पिते! वरच्या वर पिऊन टाकते, खाली काही उरतच नाही. गाय पान्हा चोरते तसं काही तरी त्यांच्या डोक्यात असावं. शिवाय एका घरात दोन रेडिओ कशाला. माझा रेडिओ माळ्यावर गेला. तार उतरवली गेली, मी रांधत असताना, मला न विचारता.

आणि मग त्या माणसानं काय करावं? माझी सात पदरांची तार अंगणात दोन खुंट्यांना बांधून तिची धुण्याची दोरी केली.

रोज सकाळी मी माझ्या बापानं मोजून दिलेल्या तारेवर अण्णासाहेबांची धोतरं वाळत घालायची. रोज! थंडीत बोटं गारठलेली, धोतर ओलं, जड, आणि तार हाताला लागायची तेव्हा ती तीच आहे हे बोटांना कळायचं. मनातल्या मनात मी काय काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. धोतरं ओढून ओढून वॉर्निश उडतं, मग तांब्याला पाणी लागलं की हिरवट गंज धरतो. तार रोज पुसायची असते. मी पुसली नाही. महिन्याभरात त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरांवर हिरवे पट्टे उठायला लागले. कोर्टात कुणीतरी विचारलं म्हणे, "अण्णासाहेब, काठ नवीन काढला का?" जाऊबाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. "काय वो शांते, तार पुसत नाई का तू?"

"विसरते वो ताई."

"रोज विसरते?"

"रोज."

जाऊबाई पदराआड हसल्या. एवढ्यानं माझं भागणार नव्हतं. धोतर बदलता येतं. मला त्यांच्या कानात काही तरी कायमचं घालायचं होतं.

संधी त्यांनीच आणून दिली. पुढच्या हिवाळ्यात क्रिकेटचे सामने होते आणि त्यांना मित्रांना बोलावून, तक्के लावून, बैठकीत कॉमेंट्री ऐकवायची होती. बाजारातून जाड नवी तार आणली, माझेच बांबू वापरले आणि तार नेमकी दिल्लीकडे टोक करून ताणली, बंदूक रोखावी तशी. दिल्ली आली नाही. तीनदा फिरवली. शेवटी जाऊबाईंमार्फत निरोप: "तिला म्हणा, तुझ्या बापाची विद्या आहे ना? मग लाव म्हणा."

बापाची विद्या! मी पदर खोचला आणि गच्चीवर गेले.

असं काम मी आयुष्यात केलं नाही, इतकं सुबक. बांबू सरळ उभे केले, दोऱ्या सारख्या ताणल्या, तारेची कूस बरोबर दिल्लीकडे. खाली अण्णासाहेब कमरेवर हात ठेवून पाहत होते. शेवटी जोडाची वेळ आली. पिशवीत वॉर्निश खरवडायचा काचपेपर होता. मी तो हातात घेतला, आणि परत पिशवीत ठेवला. वॉर्निशवर वॉर्निश ठेवून आठ वेढे मारले, घट्ट, एकसारखे, पाहणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत असे. असल्या जोडातून जवळचं, जोराचं स्टेशन कसंबसं झिरपतं. दूरचं काही येत नाही. आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

दोन हिवाळे मी त्या जोडावर जगले. खोटं कशाला बोलू, सुखानं जगले. नागपूर यायचं बऱ्यापैकी, त्यामुळे रेडिओ बिघडलाय असं म्हणता येईना. दिल्ली मात्र लावली की दम्याच्या रोग्यासारखी घरघर. सामना रंगात आलेला, तक्क्याला टेकलेले पाहुणे पुढे सरकलेले, कॉमेंट्रीवाला ओरडतोय, काहीतरी झालंय, कोण आउट झालं कुणाला कळत नाहीये आणि अण्णासाहेब रेडिओच्या पाठीत थापा मारतायत! मी स्वयंपाकघरात भजी तळत असायची. तेव्हाच्या इतकी खुसखुशीत भजी मला पुन्हा जमली नाहीत. माझे रविवार गेलेले होतेच. त्यांच्या बैठकीतल्या रेडिओला मला हात लावायची मुभा नव्हती, त्यामुळे जोड खोटा केल्यानं माझं काही नुकसान नव्हतं. असा हिशेब मी केला होता. बाबांना सांगितलं, माझा रेडिओ बिघडलाय. ते म्हणाले, "आणून दे, पाहतो." मी नेलाच नाही.

मग तिसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षातला शनिवार. संध्याकाळच्या टपालानं बाबांचं कार्ड आलं. बाबा बोलायचे वऱ्हाडी, पण लिहायचे शुद्ध. 'चि. शांतेस आशीर्वाद. घशात गाठ निघाली आहे. मुंबईस मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली. स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टर म्हणतात. उद्या रविवारी दुपारच्या गाडीने निघत आहे. सकाळी नेहमीच्या वेळेस नेहमीप्रमाणे बोलेन. काळजी नसावी.'

मी कार्ड घेऊन जाऊबाईंपुढे उभी राहिले. "ताई, पहाटेच्या मोटारीनं गेले तर गाडीच्या आत पोचते अकोल्याले. विचारा त्यायले."

अण्णासाहेब आरामखुर्चीत होते, माझ्यापासून चार हातांवर. जाऊबाईंनी विचारलं. ते म्हणाले, "उद्या रोडग्यांचं जेवण आहे. पंचवीस माणसं सांगितली आहेत मी, दोन न्यायाधीश आहेत त्यात. सोमवारी जा म्हणा."

"सोमवारी तिचे वडील मुंबईले असतीन," जाऊबाई म्हणाल्या.

"मग परत येणारच आहेत ना ते?"

माणूस परत येणार होता. ज्या आवाजानं मला शांते म्हटलं, माय म्हटलं, तो येणार नव्हता. हे त्या माणसाला कळलं नाही का कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. रोडग्यांसाठी, गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी आणि वांग्याच्या भाजीसाठी त्यांनी मला अडवलं. आमच्या ह्यांनी त्या रात्री पहिल्यांदा भावापुढे तोंड उघडलं, तेही एवढंच, की सकाळी अर्धा तास बैठकीतला रेडिओ शांताला ऐकू द्या. अण्णासाहेब म्हणाले, ऐकू दे.

म्हणजे पहाटे उठून जोड नीट करायचा, एवढंच माझ्या हाती उरलं; तारेची कूस दिल्लीकडे असली तरी अकोला जवळचं, जोड खरा असला की येणार. पहाटे अंधारात काचपेपर कमरेला खोचून जिना चढले, तर गच्चीवर बांबूखालीच अण्णासाहेब आणि न्हावी! हिवाळ्यातला रविवार, पाहुण्यांचा दिवस, म्हणून लवकर उठून लंगोट लावून तेल चोळून घेत बसलेले. मी आल्या पावली परत. सहा वाजले, सात वाजले. ऊन वर आलं तसे ते उन्हात सरकले. आठ वाजले. मी वांगी चिरत होते आणि जिन्याकडे कान लावून होते. ते उतरले तेव्हा नऊ वाजून गेलेले, आणि माझ्यासमोर लगेच पंचवीस माणसांची कणीक येऊन पडली. आंघोळ उरकून ते बैठकीत रेडिओशेजारीच पेपर उघडून बसले.

साडेनऊला आमच्या ह्यांनी काटा फिरवला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हात कणकेचे. खरखर. शीळ. पुन्हा खरखर. तिच्या तळाशी कुणीतरी पुटपुटत होतं, विहिरीच्या तळाशी बोलावं तसं. ते बाबा होते. माझ्याशिवाय कुणाला ते कळलंही नसतं. आमचे हे काटा इकडून तिकडे नेत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. अण्णासाहेबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "अकोल्याचं मशीनच हलकं असेल."

मी उंबरा ओलांडला. पदर डोक्यावर होता की नव्हता, आठवत नाही. सासरी आल्यापासून पाच वर्षांत त्या माणसाशी मी एक शब्द सरळ बोलले नव्हते. म्हटलं, "अण्णासाहेब, मशीन हलकं नाही. वरचा जोड खोटा आहे. मीच केला. मुद्दाम केला."

जाऊबाईंच्या हातातलं ताट पडलं. मी थांबले नाही. वांग्याचा चाकू घेऊन जिना चढले, दोरी सोडली, तार गिरकीवरून खाली आली. कणकेचे हात आणि माझेच मेले ते घट्ट वेढे सुटता सुटेनात! नखं तुटली. खरवडलं, दोन्ही तारा, तांबं दिसेस्तोवर, आणि वेढे मारले. आठ झाले की नाही कुणास ठाऊक. तार वर ओढली. जिन्यात होते तेव्हाच बैठकीतून बाबा ऐकू यायला लागले, खणखणीत, घरात येऊन बसल्यासारखे.

अर्धा वेळ माझ्या जोडानं खाल्ला होता. जे उरलं ते ऐकलं. जबलपूरवाला म्हणत होता की हल्ली त्याच्याकडे आवाज मधूनच बुडतात, तार बदलू की बांबू. बाबा त्याच्याशी नेहमीसारखं हिंदीत बोलले. घसा ओढत होता. "तार मत बदलो भाई. जोड़ देखो. आदमी तार को दोष देता है, बाँस को देता है, ख़राबी जोड़ में होती है. मेरे यहाँ का जोड़ मेरी बेटी का लगाया हुआ है, शादी के पहले का. मैंने आज तक खोलके नहीं देखा. उसके हाथ का जोड़ झूठ नहीं बोलता." मग खोकला. मग ते म्हणाले की आता बराच काळ भेट होणार नाही, सगळ्यांना नमस्कार. नियम पाळला त्यांनी. माझं नाव घेतलं नाही, मला निरोप दिला नाही. मग नुसती खरखर राहिली.

माझ्या बोटांना वॉर्निशचा भुगा लागलेला होता. अण्णासाहेब त्याच्याकडे पाहत होते. त्यांना हिंदी उत्तम कळायची. मला वाटलं आता ओरडतील, हाकलतील, काहीतरी करतील. त्यांनी पेपर उचलला आणि मी समोर उभी असताना जाऊबाईंना म्हणाले, "तिला म्हणा, रोडगे करपतील."

रोडगे केले मी. पंचवीस माणसांचे. दोन्ही न्यायाधीशांनी वांग्याच्या भाजीची तारीफ केली.

बाबा परत आले, गळ्याला रुमाल बांधून आणि हातात पाटी घेऊन. नऊ वर्षं जगले त्यानंतर. मी भेटायला गेले तेव्हा पाटीवर त्यांनी पहिला प्रश्न लिहिला: त्या रविवारी ऐकलंस का? मी हो म्हटलं. त्यांनी लिहिलं: जोडाचं बोललो ते? मी म्हटलं, "तेबी ऐकलं, बाबा." तेव्हा ते इतके खूश झाले, की पाटी पुसायची विसरून नुसते माझ्या हातांकडे पाहत बसले. त्यांना खरं सांगायचं मी नऊ वर्षं ठरवत होते. सांगितलं नाही.

तर अण्णासाहेब, मांडवातल्या बोलण्याची माफी आहे तुम्हाला. धोतरांची आहे. त्या रोडग्यांचीसुद्धा ओढूनताणून देऊन टाकली. पण माझ्या बापाच्या मुलीच्या हातून खोटा जोड झाला, तो तुमच्यामुळे. तसा कर म्हणून तुम्ही सांगितलं नव्हतं, काचपेपर माझ्याच हातात होता, हे मला समजतं. मी काही खुळी नाही. तरी तो तुमच्याच माथी ठेवलाय मी आणि तिथेच राहील. कारण तो तिथून काढला, तर ठेवायला मला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरत नाही.